फाउंडर पॅक घेण्याआधी स्टुडिओकडे किती महिने उरलेत ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: ‘आम्ही सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागातले पाच मित्र, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एका नव्या ऑनलाइन एमएमओ गेमसाठी (हजारो जण एकाच जगात खेळतात तो प्रकार) किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या वेबसाइटवर, पैसे गोळा करणं चालू आहे. १२० डॉलरचा फाउंडर पॅक घेतला तर अल्फात (गेमच्या कच्च्या, चाचणीच्या आवृत्तीत) लगेच प्रवेश, गेममध्ये स्वतःची जमीन आणि आजन्म सबस्क्रिप्शन. महिनाअखेर मोहीम संपते. पाचही जणांना घ्यायचाय. कार्ड माझ्या पप्पांचं आहे. त्यांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. ते म्हणतात, एक तर हे पैसे बुडणार, आणि दुसरं म्हणजे असल्या ऑनलाइन गेमवर आता बंदी आलीय. दादा, धोका नेमका किती? घ्यावा का?’

आधी सरळ उत्तर. पाचांनी पाच पॅक घेऊ नका. १२० डॉलरचा तर एकानेही घेऊ नका. अगदीच राहवत नसेल तर एकाने सगळ्यात स्वस्त पॅक घ्या, तोही ते पैसे परत येणार नाहीत असं धरून. बाकीच्या चौघांनी गेम स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, रुपयांत यायची वाट बघा. आता हे का, ते नीट सांगतो. पुढच्या वेळी दुसरा गेम असेल, मी नसेन, आणि तेव्हा हिशोब तुमचा तुम्हालाच करावा लागेल.

मी गेम स्टुडिओत प्रॉडक्शनचं काम करतो. आधी पुण्यात होतो, आता होटगी रोडच्या घरातून करतो. प्रॉडक्शन म्हणजे चित्रं काढणं नाही आणि कोड लिहिणंही नाही. कुठलं काम किती आठवड्यांत होईल, त्याला किती माणसं लागतील आणि तोवर पैसे पुरतील का, एवढंच बघायचं. त्यामुळे कुठलंही मोहिमेचं पान उघडलं की माझी नजर ड्रॅगनकडे जात नाही. टीममध्ये किती जण आहेत आणि उद्दिष्ट किती आहे, हे दोन आकडे मी आधी शोधतो.

पण पप्पांच्या दुसऱ्या मुद्द्याचं आधी बघू, कारण तो लवकर मिटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. नुसत्या मनोरंजनाचा गेम, ज्यासाठी एकदाच किंमत किंवा महिन्याची वर्गणी भरायची, पण बदल्यात पैसे जिंकायची आशा नसते, तो त्या बंदीत येत नाही. तेव्हा गेम विकत घेणं गुन्हा नाही, हे त्यांना सांग. फक्त एक गोष्ट तपासा. पानावर कुठे टोकन, क्रिप्टो, ‘खेळा आणि कमवा’ किंवा ‘जमीन नंतर नफ्यात विका’ अशी भाषा असेल, तर तिथून तसेच मागे फिरा. कायद्याचा प्रश्न तर आहेच. शिवाय ज्या गेममध्ये लोक कमाईसाठी येतात, तिथे कमाई आटली की माणसंही आटतात, आणि ऑनलाइन गेमला माणसंच लागतात.

पप्पांचा पहिला मुद्दा मात्र वजनदार आहे. त्यांना विचार, सुताच्या नव्या व्यापाऱ्याला ते आगाऊ रक्कम कशावर देतात? आधी माल बघतात, याआधी कुणाला माल दिला ते विचारतात, आणि मुदतीत माल आला नाही तर बाजारात त्याला कुठे गाठायचं हे त्यांना माहीत असतं. क्राउडफंडिंगमध्ये, म्हणजे लोकांकडून असे आगाऊ पैसे जमवण्यात, यातली तिसरी गोष्ट तुमच्या हातात नसते, म्हणून पहिल्या दोन दुप्पट बारकाईने बघाव्या लागतात.

कुठे पैसे भरता त्यावर तुमचा हक्क ठरतो, आणि बहुतेक मुलं इथेच गोंधळतात. किकस्टार्टरवर ठरलेलं उद्दिष्ट गाठलं तरच पैसे कापले जातात, तेही मोहीम संपल्यावर. उद्दिष्ट गाठलं नाही तर कुणाचाच रुपया जात नाही. पण एकदा कापले की तुम्ही ग्राहक उरत नाही, पाठीराखे होता. किकस्टार्टरने २०१२ सालीच स्वच्छ सांगितलं होतं की आम्ही दुकान नाही. गेम पुरा झाला नाही तर स्टुडिओने पैसे कुठे खर्च झाले याचा खुलासा द्यायचा आणि काही उरलं असेल तर परत करायचं, एवढीच त्यांच्या नियमांतली अपेक्षा. उरलेलं सहसा शून्य असतं, कारण पैसे संपले म्हणूनच काम थांबलेलं असतं.

तू पाठवलेल्या पानाच्या तळाशी आणखी एक दुवा आहे, तो तुझ्या नजरेतून निसटला असावा. तेच पॅक स्टुडिओच्या स्वतःच्या वेबसाइटवरही विकायला ठेवलेत. तिथे उद्दिष्ट गाठायची अट नाही, पैसे त्याच क्षणी जातात, आणि परताव्याचे नियम त्यांचेच. मी त्या अटी वाचल्या. अल्फात एकदा प्रवेश केला की परतावा नाही, असं त्यात लिहिलंय. म्हणजे गेम कसा आहे हे बघायला आत गेलात की परत फिरायचा रस्ता बंद. तिथे अजिबात भरू नका.

तिसरा प्रकार स्टीमच्या अर्ली ॲक्सेसचा. हा २०१३ च्या मार्चमध्ये सुरू झाला. गेम अपुरा असतो, पण आज उघडून खेळता येतो. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. किंमत रुपयांत असते, यूपीआयने भरता येते. धोका इथेही आहे, पण मोजता येण्यासारखा आहे. मात्र स्टुडिओच्या साइटवरून घेतलेली ‘की’ (गेम उघडायचा कोड) स्टीमवर टाकली, तर ती स्टीमची खरेदी धरत नाहीत. हा परतावा तिला लागू नाही.

आता मुख्य हिशोब. पानावर उद्दिष्ट आहे साडेसात लाख डॉलर, टीम २२ जणांची, आणि गेम द्यायची तारीख बरोबर दोन वर्षांनी. पाश्चात्त्य स्टुडिओंत बजेट मांडताना माणशी महिना १०,००० डॉलर असा ठोकताळा धरतात. त्यात पगार, जागा, यंत्रं, सॉफ्टवेअर, विमा सगळं आलं. २२ माणसांचे झाले महिन्याला दोन लाख वीस हजार. किकस्टार्टर ५ टक्के घेतं, कार्डाचा व्यवहारखर्च आणखी ३ ते ५ टक्के जातो, काही कार्डं ऐनवेळी नाकारली जातात, आणि टी-शर्ट, कलापुस्तिका, कापडी नकाशे छापून जगभर पाठवायला वेगळे पैसे लागतात. हातात साडेसहा लाख उरले असं धरू. भागाकार कर. तीन महिने.

तीन महिन्यांचे पैसे मागितलेत आणि वचन दोन वर्षांचं दिलंय. चोवीस महिन्यांना बावन्न लाख ऐंशी हजार डॉलर लागतात. मधले सेहेचाळीस लाख कुठून येणार? ही टीम पाश्चात्त्य देशात नसून स्वस्त देशात असती आणि खर्च निम्मा असता, तरी सहा महिनेच निघाले असते. याचा अर्थ हे लोक लबाड आहेत असा नाही. बहुतेक वेळा मोहीम हे गुंतवणूकदाराला दाखवायचं प्रमाणपत्र असतं. बघा, इतक्या हजार लोकांनी न बघता पैसे दिले, आता तुम्ही मोठी रक्कम द्या. गुंतवणूकदार आला तर गेम होतो. नाही आला तर होत नाही, आणि तो येणार का हे तुमच्यापैकी कुणालाच दिसत नाही. म्हणून मोहीम संपण्याआधी त्यांना एकच प्रश्न जाहीरपणे विचारा: मोहिमेतून येणाऱ्या पैशाखेरीज तुमच्याकडे आजच्या टीमला पुरतील असे किती महिन्यांचे पैसे आहेत? आकडा सांगायला काही स्टुडिओ तयार असतात. ‘आम्ही आर्थिकदृष्ट्या भक्कम आहोत’ असं गोलमोल उत्तर आलं, तर आकडा सांगण्यासारखा नाही असं समजा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्राउडफंडिंग म्हणजे सरसकट फसवणूक, असं पप्पांना वाटत असेल तर ते खरं नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरच्या यशस्वी मोहिमांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेलं दिलंच नाही असं आढळलं. उरलेल्यांनी दिलं, पण उशीर हा नियम आणि वेळेवर देणं हा अपवाद. फक्त त्या पाहणीत सगळं होतं: पुस्तकं, घड्याळं, पत्त्यांचे खेळ. एमएमओ हा या सगळ्यांतला सगळ्यात अवघड माल. एकट्याने खेळायचा गेम तीन जणांची टीमही बनवून पुरा करते. ऑस्ट्रेलियातल्या छोट्या टीमने २०१४ मध्ये किकस्टार्टरवर जेमतेम ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमवून ‘होलो नाइट’ केला आणि २०१७ मध्ये दिला. एमएमओला हजारो लोक एकाच वेळी सांभाळणारे सर्व्हर, चोऱ्या आणि चीटिंग रोखणारी यंत्रणा, रोजची देखभाल, खेळाडूंच्या तक्रारी ऐकणारी माणसं लागतात, आणि हे सगळं गेम बाहेर आल्यावर सुरू होतं, संपत नाही.

मोठी उदाहरणं बघा. ‘स्टार सिटिझन’ ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झाला, तेव्हा सांगितलेली तारीख होती नोव्हेंबर २०१४. आजवर पाठीराख्यांकडून ७० कोटी डॉलरहून अधिक जमलेत आणि गेम अजून अल्फात आहे. तो खेळता येतो, लाखो लोक खेळतात, त्यामुळे त्याला खोटा म्हणता येणार नाही. पण पैसे भरपूर मिळाले म्हणजे गेम लवकर पुरा होतो, हा समज त्याने पुरता मोडला. प्रत्येक नव्या रकमेबरोबर नवी वचनं वाढत गेली. ‘कॅमेलॉट अनचेन्ड’ला २०१३ मध्ये २२ लाख डॉलर मिळाले, डिसेंबर २०१५ ची तारीख होती, ती कधीच उलटून गेली. ‘क्रॉनिकल्स ऑफ इलिरिया’ने २०१६ मध्ये किकस्टार्टरवर साडेतेरा लाख डॉलर जमवले, नंतर स्वतःच्या साइटवर राजेपद, सरदारकी आणि जमिनी विकून आणखी लाखो. मार्च २०२० मध्ये पैसे संपल्याचं जाहीर झालं, स्टुडिओतली माणसं कमी केली गेली आणि प्रकरण कोर्टात गेलं. ज्या राज्याचे लोक राजे झाले होते, ते राज्य उभंच राहिलं नव्हतं. तुमच्या पॅकमधली जमीन त्याच जातीची आहे.

‘क्रोफॉल’चं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. कारण तिथे वचन पाळलं गेलं. २०१५ मध्ये किकस्टार्टरवर सतरा लाखांहून जास्त डॉलर, बाहेरची गुंतवणूकही मिळाली, आणि जुलै २०२१ मध्ये गेम रीतसर बाजारात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हर बंद. सहा वर्षं थांबलेल्यांना सोळा महिने खेळायला मिळालं. गेम वाईट होता म्हणून नाही, तर मोठ्या लढायांच्या गेमला जितकी माणसं रोज लागतात तितकी आली नाहीत म्हणून. ‘आजन्म सबस्क्रिप्शन’ या शब्दांतला जन्म तुमचा नसतो, गेमचा असतो. म्हणून ऑनलाइन गेमच्या बाबतीत ‘पुरा होईल का’ याच्या पुढचा प्रश्न विचारायचा: पुरा झाल्यावर वर्षभराने रात्री दहा वाजता त्यात कोण असेल?

आणि आपल्या बाजूने विचारायचा उपप्रश्न: आपल्या भागातून कोण असेल? मोहिमेच्या पानावर सर्व्हर कुठे असतील ते बघितलंस का? उत्तर अमेरिका आणि युरोप, एवढंच लिहिलंय. सोलापुरातून मुंबईच्या सर्व्हरला पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) साधारण वीस ते चाळीस मिलिसेकंद येतो, सिंगापूरला सत्तर ते शंभरच्या घरात, युरोपला दीडशेच्या आसपास, अमेरिकेला दोनशेच्या वर. ज्या गेममध्ये वार चुकवायला क्षणभर मिळतो, तिथे दोनशे पिंगवर तुम्ही पाचही जण आधी मरणार, मग का मेलो ते बघणार. शिवाय त्यांच्या संध्याकाळच्या मोठ्या लढाया आपल्याकडे मध्यरात्री किंवा पहाटे. सकाळी कॉलेज आहे. आशियातला सर्व्हर ‘मागणी असल्यास’ येईल असं त्यांनी लिहिलंय. ते जेव्हा येईल तेव्हा पैसे द्या.

गेम आज कुठल्या अवस्थेत आहे हे कसं ओळखायचं, यात मात्र थोडा वेळ घालवा. फार काही तांत्रिक लागत नाही. तू पाठवलेला चार मिनिटांचा व्हिडिओ मी आवाज बंद करून बघितला. संगीत मन वळवतं, म्हणून आवाज बंद. पहिल्या दोन मिनिटांत कॅमेरा डोंगरावरून, किल्ल्यावरून फिरतो आणि एकही खेळाडू दिसत नाही. ते इंजिनमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बनवलेलं दृश्य आहे, गेम नाही. मग लढाई येते. पडद्यावर एकाच वेळी जास्तीत जास्त नऊ पात्रं आहेत, मी थांबवून मोजली. खाली लिहिलंय की किल्ल्यांच्या वेढ्यात पाचशे लोक लढतील. नवापासून पाचशेपर्यंतचं अंतर हे चित्रांचं नाही. प्रत्येक खेळाडूची हालचाल बाकी सगळ्यांना कळवावी लागते. माणसं दुप्पट झाली की कळवाकळव चौपट होते. पाचशे जणांसाठी सुरुवातीपासून वेगळी रचना लागते, ती नंतर वरून चिकटवता येत नाही. या स्टुडिओने पन्नास माणसांची, ओबडधोबड, रंगसुद्धा न भरलेली लढाई दाखवली असती, तर मला त्यांच्यावर शंभरपट जास्त विश्वास वाटला असता.

याच व्हिडिओत आणखी एक गोष्ट. पात्रांच्या डोक्यावरची नावं बघ. कोणी चालत असताना नाव आणि पात्र एकाच लयीत सरकतात. खऱ्या नेटवर्कवर, तेही अल्फात, थोडासा झटका दिसतोच. इथे एकही नाही. म्हणजे बहुधा सगळे एका खोलीत, एका केबलवर बसून खेळत होते, किंवा पात्रं माणसं चालवतच नव्हती. स्टुडिओने टाकलेले व्हिडिओ बाजूला ठेवा आणि अल्फा खेळणाऱ्या तिऱ्हाइताने टाकलेला तासाभराचा सलग व्हिडिओ शोधा. तो सापडत नसेल, कारण अल्फातल्यांना काही दाखवायला मनाई आहे, तर मनाई उठेपर्यंत थांबा.

मग गेल्या वर्षभरातली त्यांची निवेदनं एका बैठकीत वाचा. दर महिन्याला नवी चिलखतं, नव्या घोड्यांची चित्रं येतात, पण दुरुस्त झालेल्या चुकांची यादी येत नाही, तर चित्रकार कामात आहेत आणि प्रोग्रामर अडकलेत असं समजायला हरकत नाही. ‘आम्ही नव्या इंजिनवर जात आहोत’ हे वाक्य दिसलं तर तारखेत निदान वर्षभराची भर घाला. विकायच्या वस्तूंची संख्या गेममधल्या खेळण्यासारख्या गोष्टींपेक्षा वेगाने वाढत असेल, तर पगार त्या वस्तूंच्या विक्रीवर चाललेत. आणि वचनं कमी होत असतील तर तेही पाहा. ‘एलिट डेंजरस’ने मोहिमेत इंटरनेटशिवाय खेळता येईल असं सांगितलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये, गेम यायला काही आठवडे असताना, ते रद्द झाल्याचं कळलं. गेम चांगला निघाला, आजही चालू आहे, पण ज्यांनी त्या एका सोयीसाठी पैसे दिले होते त्यांना ती मिळाली नाही. एखाद्या एकाच वचनासाठी पैसे देत असाल, तर नेमकं तेच गळू शकतं.

अर्ली ॲक्सेसमध्येही डोळे उघडे ठेवायचे. ‘द डे बिफोर’ ७ डिसेंबर २०२३ ला ४० डॉलरला स्टीमवर आला. लोकांना मोठ्या जगातला एमएमओ सांगितला होता, हातात वेगळंच पडलं. चार दिवसांत स्टुडिओने गाशा गुंडाळला आणि २२ जानेवारी २०२४ ला सर्व्हर बंद झाले. पण फरक बघा. तिथे खरेदी दुकानातून झाली होती म्हणून लोकांना पैसे परत मिळाले, कितीही तास खेळले असले तरी. मोहिमेत भरलेल्यांच्या नशिबी हे क्वचितच येतं.

याउलट तुम्ही ज्याच्यावर वाढलात त्या पबजीची पीसी आवृत्ती मार्च २०१७ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्येच आली होती आणि डिसेंबरमध्ये पूर्ण झाली. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० पासून जवळजवळ तीन वर्षं अपुराच विकला गेला, पण त्याचा पहिला अंक खेळायला होता, आणि त्याच स्टुडिओने आधी किकस्टार्टरवर पैसे घेऊन गेम पुरा करून दाखवला होता. ‘वालहाइम’ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. करणारी पाच माणसं. महिनाभरात ५० लाख प्रती खपल्या. तुम्हा पाचांसाठी मला तोच नमुना सगळ्यात योग्य वाटतो, कारण त्याचा सर्व्हर तुमच्यापैकी कुणाच्याही पीसीवर चालवता येतो. उद्या कंपनी बंद पडली तरी तुमचा गेम बंद पडत नाही. जो ऑनलाइन गेम स्वतःचा सर्व्हर चालवू देतो, त्याला अपुरा असतानाही पैसे द्यायला मी कचरत नाही. जो देत नाही, त्याच्या बाबतीत मी कंपनीची तब्येत बघतो.

आपल्या पुण्याचंही एक उदाहरण सांगायला हवं. नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने ‘राजी’ या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मोहीम केली. उद्दिष्ट गाठता आलं नाही, कुणाचेही पैसे कापले गेले नाहीत. टीमने हार मानली नाही, दुसरीकडून पैसा उभा केला आणि २०२० मध्ये गेम जगभर आला. आपल्या माणसांचं ते काम बघून आजही ऊर भरून येतो. त्यातून तुमच्या कामाचं हे घ्या: गेम होणार असेल तर तो तुमच्या पाच पॅकांवाचूनही होतो, आणि झाल्यावर विकत घेतला तरी टीमला पैसे मिळतातच. ‘आत्ता नाही दिले तर गेम मरेल’ हे ओझं दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी घ्यायचं कारण नाही.

आता रुपयांत बघू. हिशोबाला सोपं म्हणून डॉलर ९० रुपये धरतो. १२० डॉलरचे १०,८०० झाले. बहुतेक बँका परकीय चलनाच्या व्यवहारावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात, म्हणजे ३७८ रुपये, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, साधारण ६८ रुपये. एक पॅक ११,२४६ रुपयांना पडला. पाच पॅक ५६,२३० रुपये. एवढ्यात तुमच्यापैकी एकाच्या पीसीला बरं ग्राफिक कार्ड येतं. पप्पांच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असण्याचीही शक्यता आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवी कार्डं फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतात, बाकीचं बँकेच्या ॲपमधून सुरू करावं लागतं. सुरू केलंच तर मर्यादा घाला आणि पैसे कापले गेले की लगेच बंद करा.

पैसे अडकले तर काय, हेही पप्पा विचारतील. बँकेकडे कार्डाच्या व्यवहाराची तक्रार करता येते, पण तिची मुदत महिन्यांत मोजतात आणि गेमची तारीख वर्षांत. माल आला नाही हे सिद्ध व्हायच्या आतच मुदत उलटते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, भारतात विकणाऱ्या दुकानाबद्दल तक्रार असेल तर तिचा उपयोग होतो. भारतात ऑफिसही नसलेल्या परदेशी स्टुडिओपर्यंत तिचा हात पोचेल, या भरवशावर पैसे देऊ नका.

पाच जणांत एकच मोठा पॅक घेऊन तो वाटून खेळू, असा विचार मनात असेल तर तोही सोडा. खातं एकाच्या नावावर असतं, बहुतेक गेम खातं दुसऱ्याला देऊ देत नाहीत, आणि दोन ठिकाणांहून एकदम लॉगिन झालं की खातं बंदही करतात. पैशापायी मैत्रीत खोट आलेली मी पाहिलीय, आणि ती अशाच अर्ध्यामुर्ध्या वाट्यांवरून येते.

तेव्हा करायचं एवढंच. किकस्टार्टरवर नाव नोंदवून मोहीम संपेपर्यंत थांबता येतं. पैसे शेवटी कापतात, आणि त्याआधी सहसा नोंद मागे घेता येते. तोवर महिन्यांचा तो प्रश्न विचारून ठेव. समाधानकारक आकडा आला आणि तिऱ्हाइताचा खेळ बघून तुझं मन भरलं, तर एकाने स्वतःच्या खर्चाच्या पैशातून सगळ्यात लहान पॅक घ्यावा आणि बाकीच्यांना दर काही महिन्यांनी खरी परिस्थिती सांगावी. बाकीच्यांनी स्टीमच्या पानावर विशलिस्ट करून ठेवा. तिथे अर्ली ॲक्सेस सुरू झाल्यावर ‘हा गेम किती काळ अपुरा असेल’ आणि ‘आज काय तयार आहे’ याची उत्तरं स्टुडिओला लिहावीच लागतात. मोहिमेच्या पानावरची आणि त्या पानावरची उत्तरं शेजारी ठेवून वाचा. स्टुडिओने वर्षभरात काहीच अपडेट दिलं नसेल तर स्टीम हल्ली तशी सूचनाही दाखवतं.

एक शेवटचं, पण विसरू नका. जो कुणी पॅक घेईल त्याने कॉलेजने दिलेला ईमेल वापरायचा नाही. असे खूप प्रकल्प तुमच्या डिग्रीनंतर पुरे होतात, तोवर कॉलेजचा आयडी बंद झालेला असतो, आणि गेमची ‘की’ त्याच पत्त्यावर येते.